मामाचा मान, बहिणीचा वाटा

आमच्या तासगाव भागात लग्नात अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. जावळ काढायचं तेही मामाच्या मांडीवर. न्हाव्याचा वस्तरा फिरू लागला की बाळ रडून लालबुंद होतं, मामा त्याची मान हलू देत नाही, आणि नंतर कुंची-कपड्यांचा आहेर तोच करतो. कऱ्हाडला सासरी आले तिथंही हीच रीत. मामाच्या मुलीला सून करून आणायची चालही इथली जुनी. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात तिची दखल घेतली आहे.

पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर मामाचं वजन याहून मोठं. मॅलिनोव्स्की हा अभ्यासक १९१५ ते १९१८ च्या दरम्यान तिथं राहिला. मूल आईच्या कुळाचं. जमीन आणि अधिकार मामाकडून भाच्याकडे येतात. बाप लाड करतो, शिस्त मामाची. सुगी झाली की भाऊ आपल्या मळ्यातली उत्तम सुरणासारखे कंद बहिणीच्या घरी पोचवतो. ते आधी रचून ठेवतात, म्हणजे भावानं काय दिलं ते गावाला दिसावं. आपल्याकडे मांडवात मामाचा आहेर माईकवर पुकारतात, तो याच हौसेनं.

पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथं भाऊ देतो ते बहिणीच्याच कुळाच्या जमिनीतलं, म्हणून ते तिचं हक्काचं असतं. आपलं कूळ, आडनाव, देवक बापाकडून येतं, जमीनही पिढ्यान् पिढ्या मुलांकडेच गेली. बहिणीच्या वाट्याला दिवाळी-पंचमीचं माहेर आणि साडीचोळी. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. तरीही कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. "भाऊ तुटंल गं," असं आयाबायाच समजावतात. भावाची माया खरी असते, यात मला शंका नाही; पण मायेच्या बदल्यात जमीन सोडायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मी सही केली नाही. सातबाऱ्यावर भावाबरोबर माझं नाव लागलं. पंचमीला तो मुराळी येतोच, आणि गेल्या हंगामात आमच्या तुकड्यातल्या द्राक्षांचा बेदाणा दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला.