पाळीचा कप: निवडताना, वापरताना

हरसूलच्या पाड्यांवर पावसाळ्यात कपडा वाळत नाही आणि उन्हाळ्यात धुवायला पाणी पुरत नाही. अशा ठिकाणी पाळीचा कप मला खरोखर सोयीचा वाटतो. मऊ वैद्यकीय सिलिकॉनचा हा कप दुमडून योनीत बसवतात. आत तो उघडतो आणि रक्त साठवतो. बहुतेक कपांत 20 ते 30 मिली मावते, 12 तासांपर्यंत ठेवता येतो. अंगावरून जास्त जात असेल तर आधीच रिकामा करावा.

निवडताना गर्भाशयाचे मुख किती खाली आहे ते पाहावे. पाळीच्या दिवसांत स्वच्छ बोटाला ते लवकर लागले तर आखूड कप घ्यावा. काढताना नुसती दांडी ओढू नये, बूड चिमटून पकड सोडवावी. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ओढीने ती सरकू शकते. हात मात्र दरवेळी साबणाने धुवावेत. पाळी संपली की वेगळ्या भांड्यात, कप बुडेल एवढ्या पाण्यात पाच मिनिटे उकळावा.

2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने 43 अभ्यासांचा आढावा छापला. त्यात कप सुरक्षित ठरला. सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात, तेवढा धीर धरावा.