सीमाभागातला कशिदा

कापडाचे धागे मोजून सुईने नक्षी भरण्याचे काम म्हणजे कशिदा. कन्नडमध्ये त्यालाच कसुती म्हणतात. धारवाड-हुबळी हे त्याचे माहेर. इरकली लुगड्याबरोबर तो सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडेही रुजला. अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हे नगरपालिकेचे गाव या पट्ट्यात अगदी काठावर आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत धारवाड आणि विजापूर जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले, अक्कलकोट मुंबई राज्यातच राहिले. सोयरिकी मात्र या सीमेला बांधलेल्या नव्हत्या. लेकी इकडून तिकडे नांदायला जात राहिल्या. त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चालणाऱ्या इथल्या घरांत हे भरतकाम परके वाटत नाही.

कशिद्याची खरी ओळख त्याच्या शिस्तीत आहे. कापडावर ना छाप असतो, ना पेन्सिलीची रेघ. ताणा-बाण्याचे धागे हाच आराखडा, आणि नक्षी भरणारीच्या डोक्यात. दोऱ्याला गाठ मारायची नाही. त्याचे टोक टाक्यांखालीच दडवायचे. टाके चार. गवंती, म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एकाआड एक टाका घालायचा आणि परतताना सुटलेल्या जागा भरायच्या. मुरगी हा गवंतीचाच नागमोडी प्रकार, पायऱ्यांसारखा चढत जाणारा. नेयगी विणकरीसारखी दिसते, कारण तिचा लांब-आखूड धावदोरा कापडातच विणल्यासारखा बसतो. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गोपुराचा पाया किंवा हत्तीचे अंग भरायला तो उपयोगी पडतो.

यांतली गवंती नीट पाहावी. रथाचा कळस भरताना सुई सरळ वर जात नाही. वाटेत फांदी फुटली की आधी त्या फांदीच्या टोकापर्यंत जायचे, तिच्याच मोकळ्या जागा भरत मूळ वाटेवर यायचे आणि मग पुढे सरकायचे. परतीची वाट आधी ठरवलेली नसेल तर एखादी जागा रिकामी राहते, किंवा मागे लांब दोरा लोंबतो. एक धागा चुकला तर चूक दहा टाक्यांनंतर उघडी पडते आणि तेवढे सारे उसवावे लागते. काम साधले तर उलट-सुलट ओळखू येत नाही. हाच टाका युरोपातही होता. सोळाव्या शतकातला चित्रकार हान्स होल्बाइन याने रंगवलेल्या माणसांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला होल्बाइनचेच नाव मिळाले.

असे काम पुस्तकातून शिकणे अवघड. ते शेजारी बसून, दुसरीचा हात पाहत येते. दुपारची कामे आटोपली की ओसरीवर चौघीजणी बसतात, एक मोजते, दुसरी भरते, आणि जुन्या लुगड्यावरचा मोर नव्या पदरावर उतरतो. नमुन्यांची वही नसलेल्या घरांत जुनी लुगडीच वहीचे काम करत आली.

लग्नाशी या कामाचे नाते जुने आहे. नवरीच्या कपड्यांत कशिद्याची काळी चंद्रकळा असावी, असा कर्नाटकातला रिवाज होता. गडद जमिनीवर लाल, केशरी, हिरव्या, पांढऱ्या रेशमाची नक्षी उठून दिसते, हे त्या काळ्या रंगामागचे साधे कारण. पदराजवळ मोठे नमुने येतात: गोपूर, पालखी, नंदी, अंबारीचा हत्ती. काठाकडे जाताना ते लहान आणि विरळ होतात. खणाच्या चोळीवर आणि बाळाच्या कुंचीवरही हेच टाके पडतात, त्यामुळे लग्नानंतर बारशालाही सुई हातात येते.

महाराष्ट्रात या हौसेला दुसरे दालन मिळाले ते रुखवताचे. वधूपक्षाने मांडायच्या फराळाच्या आणि शोभेच्या वस्तूंत भरलेले रुमाल, उशीचे अभ्रे, तोरणे आणि लोकरीने जाळीवर भरलेली ‘सुस्वागतम्’ची चौकट येऊ लागली. यासाठी मॅटीचे कापड सोयीचे. त्याची वीण चौकटींची असते, धाग्यांऐवजी घरे मोजता येतात आणि शिकाऊ हातही फुलीचा टाका सरळ घालतो. एकच पथ्य पाळायचे: प्रत्येक फुलीची वरची तिरपी रेघ एकाच दिशेला हवी, नाहीतर उजेडात काम डागाळल्यासारखे दिसते. रुखवतासाठी महिनोन्महिने आधी कामे वाटली जातात. मावशी तोरण घेते, मैत्रिणी अभ्रे घेतात, आजी टाके तपासते. विकत आणलेल्या महागड्या वस्तूपेक्षा हा अहेर मोलाचा, कारण त्यात अनेक हातांचा वेळ असतो आणि मांडवातल्या बायका तो जवळून पाहून पारखतात.

आता बाजारात यंत्राने भरलेल्या आणि नुसत्या छापलेल्या ‘कशिद्या’च्या साड्याही मिळतात. पारख उलट बाजूला होते. यंत्राच्या कामात मागे खालचा दोरा वेगळा दिसतो, छापील कापडाची मागची बाजू फिकी असते; हातच्या गवंतीत मागेही तेच गोपूर उभे असते. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते कर्नाटकाच्या नावे.

भरलेले कापड पहिल्यांदा थंड पाण्यात, वेगळे धुवावे, कारण लाल दोऱ्याचा रंग सुटू शकतो. पिळू नये, सावलीत उलटे वाळवावे आणि जाड पंच्यावर उलट बाजूने इस्त्री करावी. रेशमी काम मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि अधूनमधून घडी बदलावी, म्हणजे घडीवरचे टाके तुटत नाहीत.