खांद बघून घेतलेली क्रेन

मुक्ताईनगरला महामार्गाच्या कडेला अधूनमधून एखादा लांबलचक ट्रेलर दिवसभर थांबलेला दिसतो. मागे लोंबणारं लाल फडकं, वर लोखंडी गर्डर, सावलीत खलाशी. हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हा; बऱ्हाणपूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. बघणाऱ्याला वाटतं, पुलाचा गर्डर असेल. पण शेजारी दातेरी गिअर आणि कडा असलेली चाकं बांधलेली दिसली की समजावं, ही कुठल्या तरी शेडच्या छपराखाली उंच रुळांवर धावलेली ईओटी, म्हणजे विजेवर चालणारी ओव्हरहेड क्रेन आहे आणि आता तिला नवा मालक मिळालाय.

जुन्या हायड्राचा, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या क्रेनचा, सौदा सोपा. चालवून बघायची, पैसे मोजायचे, ती आपल्या चाकांवर घरी येते. ५० टनी ईओटी मात्र एका शेडच्या मापाने शिवलेली असते. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे स्पॅन. २२ मीटरची क्रेन गर्डर कापून २० मीटरच्या शेडला बसवता येते. उलटं करायला गेलात तर फसलात. स्पॅन दहा टक्के वाढला की तेवढ्याच वजनाखाली तोच गर्डर एक तृतीयांशाने जास्त वाकतो. शिवाय क्रेनचं स्वतःचं वजन नव्या शेडच्या खांबांना पेललं पाहिजे. म्हणून जुळणारं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती भंगार, मिळालं की यंत्र. व्यापारी जगतो तो या दोन भावांच्या मधल्या फटीत.

सरकारी माल बहुधा एमएसटीसीच्या लिलावात येतो. १९६४ सालची ही कंपनी भंगाराच्या व्यवहारासाठीच निघाली. अट एकच: जसे आहे, जिथे आहे. ‘जिथे’ म्हणजे जमिनीपासून पंधरा-वीस मीटर वर! छपराचे पत्रे काढा, मोठी मोबाइल क्रेन भाड्याने आणा, मग गर्डर खाली. रस्त्यावर मालवाहू गाडीची रुंदीची मर्यादा २.६ मीटर. गर्डर सुटे करून निघून जातात, अडतो तो क्रॅब, म्हणजे वर आडवी धावणारी ड्रम-मोटरची गाडी. तिच्यासाठी वेगळा परवाना. नवखा माणूस क्रेनचा भाव काढतो, उतरवण्याचा काढत नाही, आणि तिथेच बुडतो.

खरी पारख वयाची नसते. बैलबाजारात दात बघून वय कळतं, पण काय राबलाय ते खांद सांगते. क्रेनची खांद म्हणजे चाकाची कड. ती एका अंगाने झिजून धारदार झालेली असेल, तर क्रेन वर्षानुवर्षं तिरकी ओढली गेलीय. हूकचं तोंड फाकलंय का, वायर रोपच्या तारा तुटून काट्यासारख्या वर आल्यात का, हे बघायचं. ताजा रंग दिसला की नाण्याने खरवडायचा. जोडाजवळची भेग बहुधा रंगाखालीच दडते.

पोलाद कारखान्यात वितळलेला रस रात्रंदिवस वाहिलेली क्रेन फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं मत. उलट भुसावळच्या अलीकडे दीपनगरला आहे तसल्या वीजकेंद्रात टर्बाइनवरची क्रेन उभारणीच्या वेळी जीव तोडून राबते आणि पुढे दुरुस्तीपुरतीच जागी होते. घोडसगावसारख्या साखर कारखान्यातही रोलर उचलायचं मोठं काम हंगाम संपल्यावर. अशा क्रेनचं वय जास्त, राबणं कमी. माल उत्तम, पण वीजकेंद्रातली एवढी अगडबंब की घेणाराच सापडत नाही.

सापडला तर शेवटी चाचणी. क्षमतेच्या सव्वापट वजन हूकला अडकवून थोडं वर उचलतात आणि ब्रेकवर सोडून देतात. खालचे बोलणं थांबवतात. वजन घसरलं नाही तर सक्षम व्यक्ती कागदावर सही करते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम २९ प्रमाणे निदान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीची तपासणी लागायचीच. शहाणा मालक जुन्या क्रेनची क्षमता थोडी उतरवूनच लिहितो. रंगारी गर्डरवर चढून ‘५०’ पुसतो, ‘४०’ काढतो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याखालचा पाच पुन्हा पुसट दिसायला लागतो.