घरी नसलेल्यांची मोजदाद

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगावराजाहून जालना फार दूर नाही; एस. टी.ने तासाभराचा रस्ता. समजा, १९४५ साली जालन्याकडच्या एका खेड्यातील मुलगी लग्न होऊन देऊळगावराजाला आली. तिचे माहेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि सासर वऱ्हाडात. वऱ्हाड नावाला निजामाचे होते खरे, पण १८५३ पासून तेथला कारभार इंग्रजांच्या हाती होता. माहेरी हाली सिक्का चालायचा, सासरी कलदार रुपया. वाटेत निजामाचा करोडगिरीचा नाका, म्हणजे मालावर जकात घेणारी चौकी. माहेरच्या कचेरीतले कागद उर्दूत, सासरच्या कचेरीतले मराठीत.

ही मुलगी परमुलखात गेली असे म्हणायचे का? तिला स्वतःला विचारले असते तर "सासरी आले" एवढेच तिने सांगितले असते. पण माणसे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कशी, किती आणि का जातात याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना एवढ्यावर थांबता येत नाही. त्यांना आधी हे ठरवावे लागते की स्थलांतर झाले असे कधी समजायचे.

आता तिच्या नवऱ्याचे पाहा. तो देऊळगावराजात जन्मला आणि जन्मभर एकाच घरात राहिला. त्याचा जन्म मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतातला. १९५० साली त्याचे घर मध्य प्रदेश राज्यात गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तो उंबरठ्याबाहेर न पडता तीन राज्ये पाहून झाला! जगाच्या पाठीवर असे अनेकदा घडले आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा रशियात जन्मून कझाकस्तानात राहणारी माणसे एका रात्रीत आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांच्या यादीत आली. त्यांनी साधी पिशवीही भरली नव्हती. जगातील स्थलांतरितांच्या आकड्यात त्या वेळी जी एकदम वाढ दिसते, तिचा मोठा भाग अशा माणसांचा आहे. आकड्यांचा आलेख पाहताना हे ध्यानात असलेले बरे.

आपला नेहमीचा देश सोडून दुसऱ्या देशात किमान बारा महिने राहायला गेलेला माणूस दीर्घकालीन स्थलांतरित समजावा, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रसंघाने केली आहे. हिशेबाला हे सोयीचे आहे. अकरा महिन्यांनी परतलेल्या माणसाने काय कमी हाल सोसले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

या विषयात नियम शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका नकाशे काढणाऱ्या माणसाने केला. अर्न्स्ट गेओर्ग रावेन्स्टाइन १८३४ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे जन्मला आणि तरुणपणी इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झाला. म्हणजे तो स्वतःच स्थलांतरित. ब्रिटिश युद्धखात्यात तो नकाशांचे काम करी. स्थलांतराला काही निश्चित नियम दिसत नाही, असे विल्यम फार हे त्या काळचे नामवंत संख्याशास्त्रज्ञ म्हणाले होते. रावेन्स्टाइनला ते पटले नाही. त्याने शिरगणतीची कोष्टके घेतली, कोणत्या परगण्यात जन्मलेली किती माणसे कोठे आढळली हे तपासले आणि १८८५ साली ‘स्थलांतराचे नियम’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्याला दिसले ते असे : बहुतेक माणसे फार लांब जात नाहीत. जी लांब जातात ती बहुधा व्यापाराच्या वा उद्योगाच्या मोठ्या केंद्राकडे जातात. एका बाजूला माणसांचा ओघ वाहू लागला की उलट दिशेनेही एक लहान ओघ सुरू होतो. आणि जवळच्या जवळ जाणाऱ्यांत स्त्रिया जास्त, तर देशाबाहेर जाणाऱ्यांत पुरुष जास्त.

शेवटचा नियम इंग्लंडमधल्या मोलकरणी व गिरणीकामगार स्त्रियांवरून निघाला होता, पण आपल्याकडे तो वेगळ्याच कारणाने लागू पडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे ४५ कोटी माणसे आपले आधीचे राहण्याचे ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होती. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींचे कारण एकच, लग्न. ‘घाटावरची’ मुलगी ‘घाटाखाली’ दिली, म्हणजे चिखली-मेहकरची मुलगी नांदुरा-मलकापूरकडे आली, की जनगणनेच्या हिशेबी एक स्थलांतर झाले.

व्यापारी केंद्राचा नियम पाहायचा तर खामगाव घ्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८७० साली जलंब ते खामगाव हा लहानसा लोहमार्ग मुख्यतः कापसासाठीच सुरू झाला. कापसामागोमाग माणसेही वऱ्हाडात येऊ लागली.

जनगणनेत स्थलांतराचे कारणही विचारतात. नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, कुटुंबाबरोबर आले, असे ठरावीक पर्याय असतात. आता सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे उदाहरण घ्या. त्यांची नोंद या तक्त्यात करायची झाली तर ‘जन्मस्थान सिंदखेड, कारण विवाह’ एवढीच होईल! लग्न होऊन आलेली बाई पुढे शेतात राबते, कारखान्यात जाते, शाळेत शिकवते. रकान्यात मात्र ती कायम ‘विवाह’ म्हणूनच राहते. या रकान्यावर संशोधकांनी टीका केली आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे.

कारणे नीट समजायची तर आकड्यांपलीकडे जावे लागते. शिकागोतील विल्यम थॉमस या प्राध्यापकाची एक गोष्ट सांगतात. गल्लीतून जाताना खिडकीतून फेकलेला कचरा चुकवण्यासाठी तो बाजूला सरला, तेव्हा त्याच्या पायाशी एक पत्र येऊन पडले. पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या कुटुंबाचे ते घरगुती पत्र होते. मग थॉमसने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अशी पत्रे विकतच घेतली. फ्लोरियन झ्नान्येत्स्की या पोलिश विद्वानाबरोबर त्याने १९१८ ते १९२० या काळात पोलिश शेतकऱ्यांवर पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पैसे पोहोचले का, धाकट्याचे लग्न कोठे जमवावे, अशा साध्या मजकुरातून समाजशास्त्राचा एक मोठा ग्रंथ उभा राहिला.

आता मुख्य अडचणीकडे वळू. जनगणनेचा कर्मचारी (बहुधा तुमच्याच शाळेतले गुरुजी किंवा बाई) घरात जे राहतात त्यांची नोंद करतो. जे निघून गेले त्यांची नोंद त्यांच्या गावात कशी होणार? ती ते जेथे पोहोचले तेथे होते. मेहकर तालुक्यातला तरुण पुण्यात मोजला जातो आणि तो कोणत्या जिल्ह्यातून आला हेही तेथे लिहिले जाते. तो इंग्लंडला गेला तर तिकडच्या जनगणनेत त्याचे जन्मस्थान ‘भारत’ एवढेच येईल. बुलढाणा हा शब्द त्या कोष्टकात येत नाही.

गेलेल्यांचा अदमास घेण्याची एक युक्ती आहे. समजा, एका गावात १५ ते १९ वयाचे २०० मुलगे आहेत. दहा वर्षांनी त्यांचे वय २५ ते २९ होईल. त्या वयात मृत्यू थोडे. समजा, शंभरातले ९८ जगतात. म्हणजे १९६ तरुण सापडायला हवेत. प्रत्यक्षात १४१ सापडले, तर ५५ जण गाव सोडून गेले असले पाहिजेत. पण हा आकडा निव्वळ आहे. ७० गेले आणि १५ बाहेरून आले, तरी उत्तर ५५ च येते. शिवाय आपल्याकडे वय विचारले की लोक २५, ३०, ३५ असे गोल आकडे सांगतात. २४ वर्षांचा तरुण ‘पंचवीस’ म्हणाला की तो वरच्या गटात जाऊन बसतो आणि हिशेब बिघडतो. त्यासाठी वयाचे आकडे आधी दुरुस्त करून घ्यावे लागतात.

या रीतीचा उपयोग करून १९०१ ते १९३१ या काळातील भारतीय उपखंडातल्या स्थलांतराचा मोठा अभ्यास के. सी. झकारिया यांनी मुंबईत केला. १९५६ साली स्थापन झालेल्या लोकसंख्या-अभ्यासाच्या केंद्रात ते त्या वेळी काम करीत. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था ती हीच. मुंबईत येणाऱ्या लोंढ्यांवरचे त्यांचे पुस्तक १९६८ चे. हे गृहस्थ पुढे आपल्या केरळात गेले आणि एका वेगळ्या कामासाठी प्रसिद्ध झाले. ते समजण्यासाठी देशाबाहेर जाणाऱ्यांच्या नोंदी कशा असतात हे पाहू.

जुन्या काळच्या नोंदी काही बाबतींत आजच्यापेक्षा चांगल्या, असे म्हटले तर नवल वाटेल. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला पोहोचले. त्यात ३६ करारबद्ध मजूर होते. पुढे साडेचार लाखांहून अधिक भारतीय उसाच्या मळ्यांसाठी त्या बेटावर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मळेवाल्यांना मजूर पळून जाण्याची धास्ती होती, म्हणून प्रत्येकाला क्रमांक देऊन नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जहाज असे सारे वहीत लिहीत. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढू लागले. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७४ साली या पद्धतीला गुलामगिरीचाच नवा अवतार म्हटले. पुढे मरिना कार्टर यांनी वह्यांतील नोंदी एकमेकींशी जुळवून दाखवले की परत आलेले मजूर आपल्या गावच्या माणसांना आणि नात्यागोत्यांना सोबत घेऊन पुन्हा जात. जाच खरा होता, आणि आपणहून जाणारी माणसेही खरी होती. पहाऱ्यासाठी लिहिलेल्या वह्या वंशजांना आपले मूळ गाव शोधायला उपयोगी पडतात, हा काळाचा विनोदच.

आज अशी वही नाही. दहावी उत्तीर्ण न झालेल्या माणसाला आखाती व इतर काही देशांत नोकरीला जाण्यापूर्वी, काही अपवाद सोडता, सरकारी परवाना घ्यावा लागतो. हा नियम १९८३ च्या कायद्यातून आला. त्याचा हेतू कमी शिकलेल्यांची फसवणूक टाळण्याचा आहे. त्यामुळे अशा परवान्यांचा आकडा मिळतो; पण तुम्ही दहावी झालात की या आकड्यातून बाहेर पडलात!

मोजदाद नसली की काय होते ते १९९० साली दिसले. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले आणि तेथील भारतीय अडकले. जॉर्डनमधील अम्मानहून विमानांच्या शेकडो फेऱ्या करून सुमारे १,७०,००० लोकांना परत आणावे लागले. नंतर त्यांच्या गावी प्रश्न पडला की परतलेल्यांना काम कोठे द्यायचे, आणि दर महिन्याला येणारे पैसे थांबलेली घरे किती. गावोगावचे आकडे हाताशी नसतील तर असे प्रश्न अंदाजानेच सोडवावे लागतात.

झकारिया यांनी आपले सहकारी ई. टी. मॅथ्यू व एस. इरुदय राजन यांच्याबरोबर १९९८ साली केरळात सरळ रस्ता धरला. नमुना म्हणून सुमारे १०,००० घरे निवडली आणि प्रत्येक घरी विचारले, ‘या घरचे कोण सध्या परदेशी आहे?’ गेलेल्या माणसाची नोंद मागे राहिलेल्यांकडून! त्यावरून केरळचे सुमारे साडेतेरा लाख लोक परदेशी असल्याचा अंदाज निघाला. ही पाहणी पुढे दर काही वर्षांनी होत आली आहे. तिच्यात एक छिद्र आहे आणि ते संशोधकांनाही ठाऊक आहे. सगळे कुटुंबच गेले असेल तर दाराला कुलूप असते आणि उत्तर द्यायला कोणी नसते. आखातात बहुधा कर्ता पुरुष एकटा जातो, तेथे ही रीत चांगली चालते. अमेरिकेत बिऱ्हाडासह जाणारे निसटतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, म्हणजे शंभर माणसांमागे चारसुद्धा नाहीत. भारतात जन्मून बाहेर राहणारे त्यांत सर्वांत जास्त, सुमारे १ कोटी ८५ लाख. हा आकडाही मुख्यतः ती माणसे जेथे पोहोचली त्या देशांच्या नोंदींवरून काढलेला आहे.

हा अभ्यास तुमच्या वर्गाला करता येईल. जिल्ह्याच्या नकाशावर आपल्या गावी कंपासचे टोक ठेवून प्रमाणाप्रमाणे २५, ५० व १०० किलोमीटरची वर्तुळे काढा. प्रत्येकाने स्वतःचे, आईचे व आजीचे जन्मगाव नकाशावर टिंबाने दाखवावे, तिघांना तीन रंग. बहुतेक टिंबे कोणत्या वर्तुळात पडतात आणि आजीपासून तुमच्यापर्यंत ती बाहेर सरकली आहेत का, ते पाहा. रावेन्स्टाइन बरोबर ठरतो की नाही ते कळेल.

मग आपल्या आळीतल्या प्रत्येक घरी झकारियांचा प्रश्न विचारा. वहीत नावे लिहू नका, घरांना क्रमांक द्या. परदेशी गेलेल्याचे कागदपत्र पुरे नसतील, नोकरी सुटली असेल, तर घरच्यांना ते बोलून दाखवायचे नसते. कोणी सांगायचे नाकारले तर तसे लिहून पुढे जा. कुलूपबंद घरांची वेगळी यादी करून त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना निरनिराळे विचारा. दोन तुकड्या करून एकच आळी दोनदा मोजता आली तर उत्तम. दोन्ही याद्यांत फरक पडला, तर मोठी यादी ती खरी असे समजू नका. ज्या घराच्या नोंदी जुळत नाहीत तेथे पुन्हा एकदा जा.