मोबाईल आणि बौद्धिक दिव्यांगांचा व्यायाम

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाभोंवतीं, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या गोल्फ क्लबाभोंवतीं, पहाटे फेऱ्या घालणाऱ्यांची वर्दळ असते. पुष्कळांच्या खिशांत मोबाईल असतो आणि किती पावलें पडलीं याचा हिशेब तो मुकाट्यानें ठेवीत असतो. या वर्दळींत बौद्धिक दिव्यांग तरुण किंवा तरुणी किती दिसतील? आणि दिसत नसतील, तर त्याच मोबाईलनें त्यांना घराबाहेर काढतां येईल काय?

बौद्धिक दिव्यांगांच्या शिक्षणाचा विषय नाशिकला नवा नाहीं. अशा मुलांना 'मतिमंद' म्हणण्याचा प्रघात होता त्या काळीं, १९७७ सालीं, रजनी लिमये यांनीं येथें प्रबोधिनीची शाळा काढली. अशा शाळांतून खेळ व कवाईत यांची संवय लागते. खरी अडचण येते ती वयाच्या अठराव्या वर्षानंतर. शाळा सुटली कीं मैदानहि सुटतें. संरक्षित कार्यशाळेंत जागा मिळालीच तर तेथील काम बहुधा बैठें असतें. न मिळाली तर घर, टेलिव्हिजन आणि खाणें. त्यांत फेफऱ्यावरचीं कांहीं औषधें, तशींच वर्तन शांत ठेवण्यासाठीं दिलीं जाणारीं कांहीं औषधें, वजन वाढवितात. धाप लागते म्हणून चालणें नकोसें होतें आणि चालणें नाहीं म्हणून धाप वाढते. इकडे आईबाप थकत जातात आणि तिकडे मुलाचा देह जड होत जातो. त्याला उठवावें-बसवावें कोणीं, हा प्रश्न मग त्या घरांत रोजचा होऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं व्यायामाविषयीं ज्या शिफारशी केल्या, त्यांत दिव्यांगांचा स्वतंत्र विचार प्रथमच झाला. प्रौढ दिव्यांगांनाहि आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, आणि जमेल तेवढ्यापासून आरंभ, असें त्यांचें सार आहे.

मोबाईलमध्यें हालचालीचा वेग व दिशा ओळखणारा एक सूक्ष्म भाग असतो. चालतांना बसणाऱ्या हेलकाव्यांवरून तो पाउलें मोजतो. दिवसाला दहा हजार पावलें हा जो आकडा सर्वतोमुखीं झाला आहे, तो वैद्यकशास्त्रांतून आलेला नव्हे. १९६५ सालीं जपानांत विकावयास आलेल्या पाउलें मोजण्याच्या एका यंत्राचें तें नांवच होतें. ज्याची मोजणी विसापाशीं थांबते त्याला दहा हजार म्हणजे काय कळणार? त्याला आकडा नको, डोळ्यांना दिसेल किंवा कानाला ऐकूं येईल असें कांहीं हवें. आवडीचीं तीन गाणीं मोबाईलवर लावावीं. गाणीं संपलीं कीं चालणें संपलें. कर्कश घंटेऐवजीं आईच्या किंवा भावाच्या आवाजांत 'चल, बूट घाल' अशी हांक ध्वनिमुद्रित करून ठेवावी. हात वर करणें, खुर्चीवरून उठणें-बसणें हे प्रकार घरच्याच माणसानें सावकाश करून त्यांचें चित्रण करावें. तोंडी सूचनांपेक्षां पाहून शिकणें पुष्कळांना सोपें जातें. २०२० च्या टाळेबंदींत राज्यांतील अनेक विशेष शिक्षकांनीं व्हॉट्सअ‍ॅपवरून अशींच चित्रणें घरोघर पोंचविलीं. त्यासाठीं कोणतेंहि महागडें साधन लागलें नाहीं.

सावधगिरी मात्र हवी. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचें हृदय श्रमाच्या वेळीं सहसा इतरांइतकें वेगानें धडधडत नाहीं. म्हणून नुसत्या वयावरून काढलेला ठोक्यांचा आकडा मनगटी घड्याळ दाखवितें, तो त्यांना लागू पडत नाहीं. अशांपैकीं जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, तर कांहींच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. तेव्हां आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि चित्रणांत पाहिली म्हणून कोलांटी-उडी तर मारूंच देऊं नये.

पण यंत्रावर भिस्त किती ठेवावी? स्कॉटलंडमधील ग्लासगो येथें १०२ बौद्धिक दिव्यांग प्रौढांवर एक प्रयोग झाला. बारा आठवडे त्यांना पाउलें मोजण्याचें यंत्र आणि सल्लागाराचें मार्गदर्शन देण्यांत आलें. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते निराशाजनक होते: चालण्यांत म्हणण्याजोगी वाढ झाली नाहीं. यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्याला एकट्यानें रस्ता ओलांडतां येत नाहीं त्याला यंत्रानें कितीहि बजावलें तरी तो दाराशींच उभा राहणार. शिकागो येथें १९६८ सालीं युनिस केनेडी श्रायव्हर यांनीं स्पेशल ऑलिंपिक्स आरंभिलें, त्यांतूनच पुढें दिव्यांग व इतर खेळाडू एकाच संघांत खेळण्याची पद्धति निघाली. सोबत्याचें महत्त्व तेथें आधींच ओळखलें गेलें होतें. मोबाईलची हांक म्हणूनच दोघांना जावयास हवी, चालणाऱ्याला आणि त्याच्या सोबत्याला. आणि सोबती नेहमीं आईच असावी असें कोठें आहे? शेजारचा कॉलेजांतला मुलगा आठवड्यांतून दोन दिवस आला तरी आईला तेवढी उसंत मिळते.

आरंभीं आठ दिवस कांहींहि न बदलतां केवळ नोंद ठेवावी. मोबाईल टेबलावर राहिला तर नोंद खोटी ठरते, आणि मुलींच्या पोशाखाला बहुधा खिसा नसतो. कंबरेला बांधावयाची एक कापडी पिशवी शिवली कीं काम भागतें. नवव्या दिवशीं घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची एक फेरी वाढवावी, आणि परत आल्यावर दुकानाचें चित्र त्याचें त्यालाच मोबाईलवर उघडूं द्यावें.