कट्टा तोच, पेला वेगळा

नोकरीसाठी हनोईत आलेल्या परदेशी माणसाची गावाशी ओळख बहुधा फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर होते. ‘फिन’ नावाच्या गाळणीतून कॉफी थेंबथेंब उतरेपर्यंत शेजारच्याशी दोन शब्द होतात. एकटेपणावर हा चांगला उतारा.

पण व्हिएतनामची कॉफी बहुतांशी रोबस्टा जातीची. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते. शरीरातील निम्मे कॅफिन कमी व्हायलाच साधारण ५ तास लागतात. त्यामुळे संध्याकाळचा पेला रात्री जागवतो आणि झोप मोडली की परक्या गावात मन अधिकच खचते.

निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅम, गर्भवतीने २०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा पाळावी. छातीत धडधड होत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुपारनंतर कट्टा सोडू नये. फक्त कॉफीऐवजी शहाळे मागवावे.