विलापातील आशा : विलापगीत ३ व आपली प्रार्थना

सन २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला महापूर आला. पाण्याची पातळी पस्तीस फुटांवर गेली आणि फतेगंजासह शहराचे अनेक भाग जलमय झाले. पूर ओसरल्यावर मी फतेगंजातील एका वृद्ध भगिनीच्या घरी गेलो होतो. तिच्या पतीच्या निधनाला महिनाही झाला नव्हता. भिंतींवर पाण्याची रेघ उमटली होती व भिजलेले शास्त्र उन्हात पान पान उलगडून ठेवले होते. मी नेहमीच्या सवयीने विलापगीत ३:२२-२३ ही वचने वाचली आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले. तोच ती म्हणाली, “साहेब, याच्या आधी काय लिहिले आहे, तेही वाचा ना.”

मी वाचले. देवाने अंधारात चालविले, प्रार्थनेची वाट अडविली, दात खड्यांनी फोडले, अशी ती वचने आहेत. ती ऐकताना त्या भगिनीला प्रथमच रडू आले. त्यानंतर प्रार्थना तिनेच केली. मी मात्र घरी परतताना विचार करू लागलो की, इतकी वर्षे आपण या अध्यायाची दोनच वचने वाचून बाकीची का गाळत आलो? प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

१. आशा : स्मरणातून उगवणारी

इ. स. पूर्वी ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जिंकले व मंदिर जाळले. विलापगीताची पाच गीते त्या उद्ध्वस्त नगरीच्या शोकातून निर्माण झाली. त्यांपैकी तिसऱ्या गीताची रचना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इब्री वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत. या गीतात प्रत्येक अक्षराने आरंभ होणारी तीन तीन वचने असून एकूण सहासष्ट वचने होतात. दुःखाला आदि-अंत नसतो. परंतु प्रार्थना करणारा आपले दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत देवासमोर मांडतो आणि त्यातील एकही अक्षर वगळीत नाही.

अठराव्या वचनात तो आपली आशा नष्ट झाल्याचे सांगतो. एकविसाव्या वचनात तोच आशा धरल्याचे सांगतो. मूळ भाषेत दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. मग या दोन वचनांच्या मध्ये काय घडले? नगरी पुन्हा उभी राहिली नाही, शत्रूही परतला नाही. घडले ते एवढेच की, त्याने आपले क्लेश आठवले आणि मग देवाचा स्वभाव आठवून तो मनात आणला. येथील आशेचा उगम बदललेल्या परिस्थितीत नसून स्मरणात आहे. आणि ते स्मरण दोन्हींचे आहे, जखमेचे व देवाचे. जखमेला वळसा घालून देवाकडे जाण्याचा मार्ग या अध्यायात नाही.

आणखी एक गोष्ट. चोविसाव्या वचनाने गीत संपत नाही. पुढे चव्वेचाळिसाव्या वचनात प्रार्थना पोहोचू नये म्हणून देव मेघाआड लपल्याची तक्रार आहे. चौपन्नाव्या वचनात डोक्यावरून पाणी गेल्याचे वर्णन आहे. पूर पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. पाचव्या गीताचा शेवट तर जवळजवळ प्रश्नातच होतो. तात्पर्य, आशा व विलाप एकाच प्रार्थनेत नांदू शकतात. आशा बोलली म्हणून विलापाने गप्प बसावे, असा शास्त्राचा आग्रह नाही.

२. करुणा : देवाच्या अंतःकरणाची गती

बाविसाव्या वचनात देवाच्या करुणेसाठी आलेला इब्री शब्द ‘रहमीम’ हा ‘गर्भाशय’ या अर्थाच्या शब्दाशी संबंधित आहे. ‘आतडे तुटते’ असे आपण आईविषयी म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ होय. शुभवर्तमानांत लोकसमुदाय पाहून प्रभू येशूला कळवळा आला असे जेथे लिहिले आहे (मत्तय ९:३६), तेथील ग्रीक क्रियापदही आतड्यांशीच निगडित आहे. विलापगीताच्या तेहतिसाव्या वचनात, म्हणजे या अध्यायाच्या अगदी मध्यावर, देव मनापासून कोणाला पीडा देत नाही असे सांगितले आहे.

ज्याला देवाची ही करुणा आठवते, त्याची प्रार्थना स्वतःपुरती राहत नाही. याचे उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत आहे, आणि त्याचा धागा गुजरातेपर्यंत पोहोचतो. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे सन १८९९-१९०० मध्ये, येथे भीषण दुष्काळ पडला. ‘छप्पनियो’ म्हणून त्याची आठवण गुजरातेत आजही निघते. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत चोवीस लाखांहून अधिक होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. अन्नाभावी व पाठोपाठ आलेल्या रोगराईत किती घरे बसली, याची कल्पना या दोन आकड्यांवरून यावी.

त्या वेळी पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनातून कार्यकर्ते गुजरातेत आले आणि शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना घेऊन गेले. सदनातील संख्या दीड हजारांच्या घरात गेली. रमाबाईंना भूक ऐकून ठाऊक नव्हती. सुमारे सोळाव्या वर्षी, १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात, त्यांनी आईवडील गमावले होते आणि त्यानंतर थोरली बहीणही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात व पुढे गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी ती जुनी जखम झाकून ठेवली नाही. विलापगीताच्या कर्त्याप्रमाणे त्यांनी ती देवासमोर आठवली, आणि त्या स्मरणाची परिणती परक्या प्रांतातील मुलींसाठी दार उघडण्यात झाली.

३. विश्वासूपणा : धरून ठेवलेले हात

तेविसाव्या वचनातील ‘विश्वासूपणा’ या शब्दाचे मूळ ‘एमुना’ असे आहे. ‘आमेन’ हा शब्द याच धातूचा. दृढता, न ढळणे, हा त्याचा गाभा. याच शब्दाचा एक विलक्षण उपयोग निर्गम १७:१२ मध्ये आढळतो. अमालेकाशी लढाई चालू असता मोशेचे उचललेले हात जड झाले; तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि ते सूर्यास्तापर्यंत ‘एमुना’, म्हणजे स्थिर, राहिले. ज्या शब्दाने शास्त्र देवाचा विश्वासूपणा सांगते, तोच शब्द दुसऱ्यांनी तोललेल्या थकलेल्या हातांसाठी वापरते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. प्रार्थनेतील विश्वासूपणा म्हणजे भावनेची उत्कटता नव्हे. आणि तो एकट्याच्या बळावर टिकवायचा नसतो. देव विश्वासू आहे, म्हणून मंडळी एकमेकांचे हात धरू शकते.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत या स्थिरतेचे दर्शन घडते. इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा चाळिसाव्या वर्षी निवर्तली. रमाबाई काम करीतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूमध्ये निजल्या, तेव्हा ते भाषांतर सिद्ध झाले होते. विलापगीताचे शब्दही त्याच हातांखालून गेले होते.

४. आपल्या सेवेसाठी

पाळकबंधूंनी व धर्मशिक्षकांनी यातून काय घ्यावे? पहिले, शोकाच्या घरी बाविसावे वचन वाचण्याची घाई करू नये. पहिल्या वचनापासून वाचावे, सावकाश वाचावे. सांत्वन त्याच वाटेने येते. दुसरे, ‘मला प्रार्थना येत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या विश्वासाविषयी शंका घेऊ नये. त्याचे हात जड झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याला बसायला दगड द्यावा व दोन माणसे त्याच्या बाजूला उभी करावीत. मंडळीतील दोन कुटुंबांनी ठरवून रोज सायंकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करणे, हे कोणत्याही मंडळीला शक्य आहे. तिसरे, रविवारच्या उपासनेत स्तुतीबरोबर विलापालाही स्थान असावे. ज्या मंडळीत रडता येत नाही, तेथे दुःखी माणूस येणे हळूहळू बंद करतो, आणि आपण त्याला थंड विश्वासाचा म्हणून मोकळे होतो.

स्वतः प्रभू येशूने वधस्तंभावर स्तोत्र बाविसाव्याच्या आरंभीचा विलाप आपल्या मुखी घेतला. त्यामुळे देवाने टाकल्याची भावना ही देवापासून दूर गेल्याची खूण राहिलेली नाही. त्या अंधारातही तो आपल्या आधी जाऊन आलेला आहे.

फतेगंजातील त्या भगिनीचे शास्त्र वाळले, पण पाने फुगलेलीच राहिली. ते आता नीट मिटत नाही. नवे आणून देतो म्हटले, तर ती नको म्हणते. मी जातो तेव्हा ती मला तेच वाचायला देते, आणि मी पहिल्या वचनापासून आरंभ करतो.